शाकारणी

मुंबई बेटावर वैशाख उतरणीला लागला आणि मृगाचे वेध लागले, म्हणजे गिरगाव, ठाकुरद्वार, लालबाग, परळ या भागांतील चाळींच्या छपरांवर माणसे चढत, मंगलोरी कौले एकेक करून उचलीत, त्यांखालची कुजलेली रीप बदलीत, फुटके कौल खाली टाकून त्याच्या जागी नवे बसवीत. आणि अंगणात उभा राहिलेला चाळमालक यंदा किती कौले गेली याची मोजदाद मनाशी करीत असे. या वार्षिक कर्तव्यास शाकारणी म्हणत. चाळीत राहणाऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ आणि प्रेमाने लिहिले गेले आहे. परंतु ज्याने आयुष्याची पुंजी विटामातीत घालून ती चाळ उभी केली, त्या मध्यम ऐपतीच्या मालकाच्या वाट्याला बहुधा खाष्ट घरमालकाची एकच भूमिका आली. त्याचा इतिहास शोधू गेल्यास तो शाकारणीच्या खर्चाचाच इतिहास ठरतो, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची पहिली कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांनी ताडदेवास तिची चाके फिरू लागली. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरून शेअरांच्या कागदांवर विसंबलेली कित्येक घराणी धुळीस मिळाली. कागदापेक्षा वीट बरी, ही धारणा त्यानंतर व्यापारी, कंत्राटदार, पेन्शनीत निघालेले कारकून आणि थोडेफार दागिने गाठीला असलेल्या विधवा यांच्या मनात रुजली असल्यास नवल नाही. इकडे रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून गिरण्यांत येणाऱ्या माणसांचा ओघ अखंड चालू होता, आणि त्यांना पाठ टेकण्यापुरती जागा हवी होती.

जमीन बहुधा चाळ बांधणाऱ्याच्या मालकीची नसे. मुंबईत फजिंदारी, फोरास, टोका असे धारापद्धतीचे निरनिराळे प्रकार होते (फोरास रोड हे नाव त्याच फोरास जमिनींचे स्मारक होय). फजिंदारास जमीनभाडे द्यावे, वर इमारत आपली बांधावी, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता. मग सागवानी खांब आणि तुळया, मधोमध लाकडी जिना, प्रत्येक मजल्यावर कठड्याची लांब गॅलरी, तिच्या कडेने सुमारे दहा फूट रुंद व दहा-बारा फूट लांब अशा खोल्यांची रांग, आणि टोकाला सामाईक नळ व संडास. रस्त्याच्या बाजूच्या दोन हवेशीर खोल्या मालक स्वतःकडे ठेवी, आणि उरलेल्या खोल्यांच्या भाड्यातून गहाणाचे व्याज, घरपट्टी, पाणीपट्टी, भंग्याचा पगार आणि शाकारणी भागवून जे उरेल त्यावर त्याचा प्रपंच चाले. भाडे वसूल करायला मेहता असे, तो पगाराच्या तारखा तोंडपाठ ठेवी. करार तोंडी असे. आणि एखाद्या बिऱ्हाडात आजारपण आले तर महिना-दोन महिने भाडे तटवण्याची रीतही होती. सर्वच मालक असे सहृदय होते असे मी म्हणणार नाही. खोल्यांत माणसे कोंबणारे, नळ दुरुस्त करायला सहा महिने लावणारे मालकही होते, आणि १८९६ साली मांडवीत प्लेग प्रकटला तेव्हा त्या कोंदट, अंधाऱ्या खोल्यांनी किती बळी घेतले हे विसरणे अन्यायाचे होईल. सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला तो याच आपत्तीतून, आणि १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी येथे बी.डी.डी. चाळी बांधून सरकार स्वतःच मोठे चाळमालक झाले.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, आणि १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. तो आवश्यक होता. दुसऱ्या महायुद्धात तेच संकट पुन्हा आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभाडे ठरवून टाकले. गिरणी कामगाराचे बिऱ्हाड रस्त्यावर पडू नये, हा त्यामागचा हेतू निःसंशय धर्म्य होता. चूक झाली ती पुढे: चुन्याचा, सागवानाचा, गवंड्याच्या मजुरीचा भाव वर्षानुवर्षे चढत गेला, आणि भाडे मात्र १९४० च्या त्या एका तारखेला खिळलेले राहिले.

गिरगावातील एका चाळीची भाडेपावत्यांची जुनी पुस्तके मी पाहिली आहेत. खाकी पुठ्ठा, लांबट आकार, पावती आणि स्थळप्रत यांच्यामध्ये छिद्रांची रेघ, आणि बोरूच्या वळणाचे मेहत्याचे अक्षर. एका खोलीचे भाडे रुपये ९-८-०. वीस रुपयांच्या आतल्या पावतीवर महसुली तिकीट लावावे लागत नसे, म्हणून त्या पानांना तिकिटाचा डागही नाही. वर्षामागून वर्षे पाने उलटीत गेलो. खोलीतील माणसाचे नाव बदलून त्याच्या मुलाचे आले, अक्षर बदलले, शाई काळ्याची निळी झाली, आणि १९५७ साली दशमान पद्धत आल्यावर ९-८-० च्या जागी ९.५० दिसू लागले. बदल झाला तो एवढाच.

या आकड्यातून शाकारणी होणे शक्य नव्हते, आणि ती हळूहळू थांबली. ज्या मालकाने पैसा घातला त्याला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि ज्या भाडेकरूचे तेथे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य होते त्याची ती इमारत नव्हती. पागडी, म्हणजे खोलीचा ताबा देताना भाड्याखेरीज एकरकमी पैसे, घेणे १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. तरीही खोली हातोहात जाताना पागडीचे व्यवहार राजरोस होत, आणि त्यातला मालकाचा वाटा हेच त्याचे खरे उत्पन्न होऊन बसले. मालमत्ता कराची आकारणीही प्रमाणभाड्यालाच बांधलेली असल्याने महापालिकेचाही तोटा होत गेला. १९६९ साली विधिमंडळाने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून स्वतंत्र मंडळ नेमले. उपकरप्राप्त म्हणून नोंदलेल्या इमारती साडेएकोणीस हजारांच्या वर होत्या. त्यांपैकी ज्या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, त्या पहिल्या वर्गात घातल्या गेल्या. तीच तारीख पुन्हा!

भाडेनियंत्रण कायद्यातील १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर जागेत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या दिवशी छत्र मिळालेल्यांचे भले झाले, पण नंतर पुष्कळ मालकांनी रिकामी खोली कुलूप लावून ठेवणे पसंत केले, आणि भाड्याने द्यायला घर बांधावे ही कल्पनाच मध्यमवर्गाच्या मनातून गेली. त्याआधीच १९६३ च्या कायद्याने मालकीच्या फ्लॅटांची वाट रूढ केली होती; ज्याच्यापाशी पुंजी होती तो आता बांधून विके, राखून भाड्याने देत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठवलेले भाडे अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात येऊन वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली, पागडीलाही वैधता मिळाली. परंतु साडेनऊ रुपयांचे चार टक्के म्हणजे अडतीस पैसे.

दुसरी खोली किंवा दुसरा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणारा छोटा गुंतवणूकदार आज पुन्हा दिसतो, पण तो अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराने, अनामत रक्कम घेऊन देतो, आणि छपराची चिंता सोसायटीकडे असते. जुन्या चाळींचे जिने मात्र सागवानी टेकूंवर उभे आहेत. काही ठिकाणी दुरुस्ती मंडळाने लावलेले टेकू इतके जुने झाले आहेत, की मुले त्यांना धरूनच जिना चढायला शिकली. वैशाख सरत आला, की त्या छपरांवर आता निळ्या ताडपत्र्या चढतात. त्या भाडेकरूंनीच वर्गणी काढून आणलेल्या असतात, आणि वारा आला की उडू नयेत म्हणून त्यांच्या कडांवर जुन्या शाकारणीतली उरलेली कौले ठेवलेली असतात.