बैलाचे दात आणि मोबाइलचा नंबर

आमच्या शाहूवाडी तालुक्यात बैल कधी विकायचा, हे जाणत्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नसे. बैल जुळला, म्हणजे त्याचे सगळे दात आले, की पुढं किंमत उतरणीला लागते. त्याच्या आत वडगावचा बाजार गाठायचा. व्यापारी तोंड उघडून दात बघणार, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरणार, पावती फाटणार आणि कासरा दुसऱ्याच्या हातात जाणार. रेडिओचीही तऱ्हा निराळीच. माझ्या लहानपणी त्याला पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागे. रेडिओ कुणाचा, हे सरकारी कागदावर लिहिलेलं असे. ऐंशीच्या दशकात ती पद्धत गेली.

मोबाइलचे दात कुठं बघायचे, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाइल सुरू झाला. त्याच वर्षी तो मुंबईतही आला. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आणि कुणी आपल्याला फोन केला तरी पैसे आपलेच! आमच्या गल्लीत पहिला मोबाइल यायला बरीच वर्षं गेली. तोही कोरा नव्हता. मुंबईत नोकरीला असलेल्या एका पाहुण्यानं नवा घेतला आणि जुना गणपतीत एस.टी.नं गावी आणला. रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागे. तरी लोक वर जायचे. आमच्याकडे मोबाइलचा इतिहास असा जुन्या मोबाइलनंच सुरू झाला.

१ मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला आणि चित्र पालटलं. त्याच पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरा आणि फोन न्या, अशी योजना काढली. लोकांनी फोन नेले. पण त्या फोनला सिमकार्ड नव्हतं. फोन कंपनीशी बांधलेला, त्यामुळं तो दुसऱ्याला विकावा तर घेणारा त्याच कंपनीचा गिऱ्हाईक व्हायला हवा. २०१७ सरता सरता तर त्या कंपनीची फोनसेवाच थांबली. त्याच २००३ साली नोकियाचा ११०० आला. त्याला बॅटरी होती, म्हणजे आपली उजेडाची बॅटरी. आमच्याकडे आंब्याच्या बाजूला पाऊस धरला की वीज जाते ती जाते, त्यामुळं लोकांनी फोन घेतला की बॅटरी घेतली, हे सांगणं कठीण. जगात हा फोन २५ कोटींच्या वर खपला. तो विकायला घाई नव्हती. घासून आकडे पुसले गेले तरी गिऱ्हाईक मिळे.

पुढं मोबाइलला खरे दात फुटले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सरकारनं सुरक्षेसाठी फोनच्या ओळखीवर बोट ठेवलं. प्रत्येक मोबाइलला पंधरा आकडी नंबर असतो, आयएमईआय म्हणतात त्याला. ज्यांना तो धड नव्हता असे स्वस्तातले फोन ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीनंतर मुके करायचं ठरलं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पडद्यावर येणारा तो आकडा तेव्हापासून आम्ही ओळखायला लागलो.

माझा स्वतःचा घोटाळा त्यानंतरचा. २०१२ साली मी एक फोन विकला. खोकं होतं, बिल होतं, किंमतही बरी आली. दुकानदारानं माझ्यासमोर सगळं पुसून दिलं आणि मी खुशीत घरी आलो. त्या फोनात अम्माचा आवाज होता. दळताना ती ओव्या म्हणायची. आमच्या घरी बोलायची भाषा दखनी, पण ओव्या मात्र शेजारणींबरोबर शिकलेल्या मराठी. एका दुपारी मी त्या गुपचूप भरून घेतल्या होत्या. दोन वर्षांनी अम्मा गेली, तेव्हा त्या आठवल्या. मी कवी माणूस, ओळी विसरू नयेत म्हणून खिशात कागद ठेवणारा, आणि हे विसरलो. दुकानदाराचा दोष नाही. त्यानं विचारलं होतं, ‘चाचा, काही ठेवायचंय का?’ मी म्हटलं, ‘नाही रे, टाक पुसून.’

त्याचा परिणाम असा झाला की पुढचा फोन मी विकायलाच तयार होईना. थ्री-जी होता. दुकानदार अडीच हजार देत होता, मी म्हटलं राहू दे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, ते फोर-जीशिवाय चालेना. जो तो नव्या फोनच्या मागं. त्या दिवाळीला माझ्या फोनचे सातशे सांगितले. फोनला ओरखडाही नव्हता. बैल धडधाकट होता, पण औत बदललं होतं. तेव्हापासून मी विकायची वेळ ठरवताना फोनकडं बघत नाही. नेटवर्क कुठं चाललंय आणि कंपनी सुरक्षेचे नवे अपडेट किती दिवस देणार आहे, ते बघतो.

विकायची रीतही बदलली. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये कुलूप आलं. आपलं गुगल खातं आधी काढलं नाही आणि नुसता फोन पुसला, तर घेणाऱ्याच्या हातात तो उघडत नाही. आमच्या शेजारच्या पोराचा व्यवहार यावरनंच भांडणात गेला. म्हणून आधी फोटो-आवाज दुसरीकडं उतरवून घ्यायचे, मग बँकेची ॲप आणि खातं काढायचं, मग पुसायचं. सिम आणि मेमरी कार्डही काढून घ्यायचं. चोरीचा फोन देशभर बंद पाडण्याची सरकारी सोय सप्टेंबर २०१९ मध्ये आधी आपल्या महाराष्ट्रात सुरू झाली, मे २०२३ मध्ये सगळीकडं. तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर केवायएम लिहून पाठवला, तर फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नंबरशी खेळ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. बैलाचे दात कानशीनं घासून वय लपवणाऱ्यांची गोष्ट अब्बा सांगायचे. त्यांना एवढी जबर शिक्षा कुणी ठेवली नव्हती!

मागच्या महिन्यात मलकापूरला गेलो होतो, सध्याचा फोन घेऊन. काउंटरवरच्या पोरानं तो उलटासुलटा केला, कडेचा पोचा बोटानं चाचपला आणि म्हणाला, ‘खोकं असतं तर पाचशे जास्त दिले असते.’ मग त्यानं आधारची झेरॉक्स मागितली, वही काढली आणि पंधरा आकडे एकेक करून लिहिले. मी म्हटलं, ‘थांब जरा.’ दुकानाच्या पायरीवर बसलो, आणि आत कुणाकुणाचे आवाज आहेत, ते पहिल्यापासून ऐकायला लागलो.