चोरलेला कागद आणि आडव्या रेघा

पैसा कागदावर चढला, तेव्हां चोराचेंहि ओझें हलकें झालें. रुपयांची थैली पळविणाराला ती खांद्यावर वाहावी लागे. टपालांतील लखोटा बाहींत मावतो.

आमच्या सावकारी पेढ्यांनीं हें भय फार पूर्वीं ओळखलें होतें. ‘शहाजोग’ हुंडी कोणाच्याहि हातीं पडो, तिचे पैसे बाजारांत पत असलेल्या ‘शहा’लाच द्यावयाचे, असा संकेत असे. १८६१ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत सरकारी नोटा निघाल्यावर दुसरी युक्ति रूढ झाली. नोट मधोमध कापून एक अर्ध टपालानें धाडावें आणि तें पोंचल्याचें पत्र आलें म्हणजे दुसरें पाठवावें. एकटें अर्ध चोराच्या कामाचें नव्हे.

चेक असा कापून पाठवितां येत नाहीं. त्यावर दोन आडव्या रेघा ओढतात. अशा चेकाचे पैसे रोख न देतां बँकेमार्फतच द्यावयाचे असतात. इंग्लंडांत या चालीला १८५६ सालीं कायद्याचा आधार मिळाला. पण लगेच १८५७ सालीं एक खटला उभा राहिला. चोरीच्या चेकावरील रेघा पुसून पैसे उचलले गेले होते. रेघा हें चेकाचें अंग नव्हे, सबब बँक जबाबदार नाहीं, असा निकाल झाला! तेव्हां १८५८ च्या कायद्यानें रेघांना चेकाचें अंग ठरविलें. पुढें १८७५ सालीं, चोरीचा चेक प्रामाणिकपणें घेणाराचा हक्क खरा ठरून मूळ धनी बुडाला. त्यावर १८७६ सालीं ‘नॉट निगोशिएबल’ हे शब्द लिहिण्याची सोय झाली. असे शब्द असलेला चेक घेणाराला, देणाराहून अधिक हक्क मिळत नाहीं. या तरतुदी १८८१ च्या हिंदुस्थानी कायद्यांतहि आल्या.

चोर मात्र थांबला नाहीं. टपालांतून चोरलेल्या चेकांवरील शाई रसायनानें धुऊन नवें नांव व नवी रक्कम घालण्याचे प्रकार अमेरिकेंत इतके वाढले कीं, २०२३ सालीं तेथील अर्थखात्याच्या एका शाखेला बँकांना इशारा द्यावा लागला. भारतांत २०२१ पासून पन्नास हजार रुपये वा त्याहून मोठ्या चेकांचा तपशील देणाराकडून आगाऊ मागवून ताडून पाहण्याची व्यवस्था आहे.

प्रत्येक कुंपण कोणीतरी लुबाडला गेल्यानंतरच उभें राहिलें. त्या सर्वांतून एकच गोष्ट निष्पन्न होते: कागद काय म्हणतो एवढ्यावर पैसे मोजूं नयेत, घेणारा कोण, हें आधीं पाहावें. आमच्या पेढीवरचा मुनीम तरी दुसरें काय करीत असे?