मराठीतील पोर्तुगीज शब्द

मराठीतील पोर्तुगीज शब्द हा मराठीच्या शब्दसंग्रहातील परभाषीय शब्दांचा एक लहान, परंतु रोजच्या व्यवहारात पूर्णपणे रुळलेला गट आहे. बटाटा, पाव, पगार, चावी, बादली, घमेले, परात, लिलाव, तुरुंग, काजू, अननस, हापूस हे शब्द या गटातील मानले जातात. यांपैकी बहुतेक शब्द आज वापरणाऱ्यांना परके वाटत नाहीत.

पार्श्वभूमी

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकले. पुढे चौल व वसई ही ठाणी त्यांच्याकडे आली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता मात्र १९६१ पर्यंत टिकली. कोकण किनाऱ्यावरील या दीर्घ संपर्कातून शब्दांची देवघेव झाली. अरबी-फारसी शब्द मुख्यतः दरबार, महसूल व न्याय या क्षेत्रांतून आले, तर पोर्तुगीज शब्द बाजार, स्वयंपाकघर, बंदर आणि बांधकाम यांतून आले. त्यामुळे त्यांत वस्तूंची नावे अधिक आहेत.

ध्वनिबदल

पोर्तुगीज शब्दांच्या शेवटी येणाऱ्या अनुनासिक 'आंउ' या ध्वनीचे मराठीत 'आव' झाले. 'पांउ'चा पाव आणि 'लैलांउ'चा लिलाव ही एकाच नियमाची उदाहरणे आहेत. 'गामेला'चे घमेले, 'बिसाग्रा'ची बिजागरी, 'फिता'ची फीत आणि 'पिपा'चे पिंप झाले. चावी या शब्दातील 'च' विशेष लक्षणीय आहे. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये मूळ शब्दाचा आरंभ 'श' असा उच्चारला जातो. सोळाव्या शतकात तेथे 'च'सारखा उच्चार होता. तो जुना उच्चार मराठीने जपला आहे.

अर्थबदल

* पगार : मूळ पोर्तुगीज शब्द 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. मराठीत ते नाम झाले आणि त्याला 'नोकरीचा ठरावीक मोबदला' हा अर्थ चिकटला. शासकीय मराठीत 'वेतन' रूढ असले, तरी बोलण्यात पगारच होतो.
* तुरुंग : 'त्रोंकु' म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा आणि पुढे बंदिशाळा असा अर्थ विस्तारला. मराठीतील खोड आणि खोडा या शब्दांचे नातेही असेच आहे.
* बटाटा : हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत रताळ्यासाठी होता. युरोपात तो दुसऱ्या कंदालाही लागू झाला आणि मराठीत त्याच दुसऱ्या कंदाचे नाव म्हणून स्थिरावला.
* परात : 'प्रातु' म्हणजे जेवणाचे ताट, मराठीत ते कणीक मळण्याचे पसरट भांडे झाले.
* इंग्रज, वलंदेज : ब्रिटिश व डच लोकांची ही नावे 'इंग्लेझ' आणि 'ओलांदेझ' या पोर्तुगीज रूपांवरून आली. पोर्तुगिजांच्या प्रतिस्पर्ध्यांना मराठीने पोर्तुगिजांनी दिलेल्या नावांनीच ओळखले.

काजू व अननस हे शब्द मूळचे दक्षिण अमेरिकेतील भाषांचे असून पोर्तुगीजमार्फत फळांसह येथे आले. हापूस हे नाव 'अफोन्सो' या व्यक्तिनामावरून पडले.

लोकव्युत्पत्ती

मूळ विसरले गेले की ओळखीच्या शब्दाशी नाते जोडून नवे स्पष्टीकरण तयार होते. पेरू हे फळ दक्षिण अमेरिकेतील पेरू देशावरून ओळखले जाते, असा समज आहे. व्युत्पत्तिकार मात्र ते नासपतीच्या 'पेरा' या पोर्तुगीज नावाशी जोडतात.

'पाव' या शब्दाच्या बाबतीत असा समज केवळ भाषेपुरता राहिला नाही. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती निराधार आहे. परंतु पाव हे ख्रिस्ती लोकांचे अन्न मानले जात असल्याने या स्पष्टीकरणाने त्याविषयीच्या विटाळाच्या कल्पनेला बळ दिले. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटवल्याच्या आख्यायिका कोकणात आजही सांगितल्या जातात. पुढे वडापाव, मिसळपाव आणि पावभाजी यांमुळे पाव सर्वसामान्यांच्या आहाराचा भाग झाला. विटाळाची कल्पना मागे पडली, तरी खोटी व्युत्पत्ती अजून ऐकू येते.

अभ्यास

गोव्यात जन्मलेले भाषाभ्यासक सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो (१८५५–१९२२) यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाविषयीचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ मध्ये प्रकाशित झाला. साबण, मेज, खमीस यांसारख्या शब्दांचे जवळचे रूप अरबी-फारसीतही आढळत असल्याने त्यांच्या आगमनमार्गाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

हेही पहा

* व्युत्पत्तिशास्त्र
* कोकणी भाषा
* वसईचा किल्ला