ल की ळ?

माझं आडनाव काळे. इंग्रजीत ते के-ए-एल-ई असं लिहितात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. अमेरिकेतल्या क्लायंटला त्यात एक पालेभाजी दिसते, त्यामुळे सोमवारच्या कॉलवर मी 'मिस्टर केल' असतो. आमच्याच कंपनीच्या उत्तरेकडच्या ऑफिसात मी 'काले' आहे. पाच वर्षांत मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. स्टँडअप पंधरा मिनिटांचा, त्यात आडनावाचा क्लास कोण घेणार?

मग टीममध्ये केरळचा एक मुलगा आला. पहिल्याच दिवशी माझं आयकार्ड बघून त्याने विचारलं, "यातला एल म्हणजे ल की ळ?" मी उडालोच. हा प्रश्न मला आजवर एकाही माणसाने विचारला नव्हता. 'ळ' म्हटल्यावर तो सहज म्हणाला, "काळे. ओके." स्वच्छ, कोथरूडमध्ये जन्मल्यासारखं.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी पाट्या वाचत होतो. मेट्रोच्या वनाझ मार्गावरचं नळ स्टॉप, पुढे कर्वे पुतळा. इंग्रजीतून हा भाग शिकलेली माणसं 'नल स्टॉप' म्हणतात आणि काही बिघडत नाही, कारण हिंदीतही नळाला नलच म्हणतात. माणसाच्या नावाला मात्र अशी अर्थाची मदत नसते. त्याच्याकडे फक्त आवाज असतो.

हा आवाज हरवला कधी? थोडं मागे जावं लागतं.

विल्यम जोन्स यांनी १७८८मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मूळ लिपीतलं प्रत्येक अक्षर रोमनमध्ये ओळखू यायला हवं. दुसरीकडे इंग्रज साहेबाच्या कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायची रीत होती. दोन 'ई' म्हणजे ईकार, दोन 'ओ' म्हणजे ऊकार. तिच्यातूनच आपली खडकी 'किरकी' झाली आणि पुणं 'पूना'. १८७०च्या दशकात विल्यम विल्सन हंटर यांच्या देखरेखीखाली सरकारी पद्धत ठरली, ती जोन्स यांच्या वळणाची पण सोपी केलेली. दीर्घ स्वरावर रेघ आली, पण ट आणि त दोघांना एकच टी, ल आणि ळ दोघांना एकच एल. शिवाय रुळलेली स्पेलिंगं तशीच ठेवायची सूटही दिली. 'पूना' त्यामुळेच वाचलं. आजही पुण्यात पूना हॉस्पिटल आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

इंजिनिअर म्हणून बघितलं तर हे लॉसी कॉम्प्रेशन आहे. फाइल छोटी होते, पण मूळ परत मिळत नाही. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण टिळकांचं. टिळक इंग्रजीत 'टी-आय-एल-ए-के' झाले आणि हिंदीत ते 'तिलक' आहेत. ट चा त झाला, ळ चा ल झाला. तीन अक्षरांतली दोन बदलली! कपाळावरचा तिलक ओळखीचा असल्यामुळे ते रूप आणखी घट्ट बसलं असावं. मजा म्हणजे टिळकांचं स्वतःचं इंग्रजी पत्र, १८८१ साली केसरीबरोबर सुरू झालेलं 'मराठा', तेही जुन्या इंग्रजी वळणाने मधे 'एच' घालून 'माहरट्टा' असंच छापलं जायचं. तेव्हा सगळा दोष साहेबावर ढकलता येत नाही.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालय ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव तिलक मार्ग. २०२२मध्ये तिथे सरन्यायाधीश झाले उदय लळीत. हिंदी बातम्यांमध्ये ते शेवटपर्यंत ललित होते. लळीत हा आपल्याकडे लोकनाट्याचा एक प्रकार आहे, ललित म्हणजे निबंधाचा. दोन्ही वाचनीय, पण वेगळे. आणि हे दोन्ही बदल देवनागरीतून देवनागरीत झाले, जिथे ळ लिहायला काहीच अडचण नव्हती. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्तातच ळ आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा आहे. फक्त वाट इंग्रजीतून गेली आणि वाटेत अक्षर पडलं.

तेंडुलकरांचंही तेच. हिंदीत 'तेंदुलकर'. ज्याचं नाव कोट्यवधी लोकांनी स्टेडियममध्ये ओरडलं, त्यालाही त्याचा ड परत मिळाला नाही.

पण मला सारखी आठवते ती आनंदीबाई जोशींची गोष्ट. कल्याणमध्ये १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि गोपाळरावांनी नाव ठेवलं आनंदी. १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून ती डॉक्टर झाली. तिच्या आडनावाचं स्पेलिंग शेवटी दोन 'ई' लावून केलेलं आहे, जुन्या कानाच्या पद्धतीचं. मला ते आवडतं. अमेरिकन माणसाने निदान 'शी' नीट म्हणावं, याची त्यात सोय आहे. तरी तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८८८मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी बॉस्टनमध्ये तिचं चरित्र काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर नाव आहे 'आनंदाबाई'. मनापासून लिहिलेलं चरित्र आणि नावात एक स्वर चुकीचा. कॉलेजातल्या त्या प्रसिद्ध फोटोत तिच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाची एक मुलगी आहे. त्या तिसरीचं नाव कुठे सबात, कुठे तबात, कुठे थबात असं सापडतं. वर्गात तिला काय हाक मारत असतील?

आता इथे आपल्यालाही जरा गप्प बसावं लागतं. बॉस्टनमध्ये आनंदीचा एक स्वर बदलला. घरी यमुनाचं अख्खं नाव बदललं होतं. ज्यांच्या पुतळ्यावरून आम्ही रोज जातो त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवेशी लग्न केलं, केवढं धाडस होतं ते. पण माहेरच्या गोदूबाई जोशी लग्नानंतर आनंदीबाई कर्वे झाल्याच. लोक त्यांना बाया म्हणत. हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या वणवण फिरल्या, वर्गणी गोळा केली. पावतीवर कुठलं नाव त्यांना आपलं वाटत असेल, असा प्रश्न माझ्या आजीला विचारला तर ती म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलं होतं का?" तिचंही बदललेलंच आहे.

आणि आपली लिपी तरी कुठे सगळं सांगते? जाधवांचा ज आणि जगदीशचा ज एकच लिहितो, म्हणताना वेगळे म्हणतो. बाहेरून आलेल्याला हे कळणार कसं, तर आपण सांगितल्यावरच. लिंक्डइनने २०२०मध्ये नावाचा उच्चार रेकॉर्ड करून ठेवायची सोय दिली, दहा सेकंदांची. मला ती भारी वाटते, कारण स्पेलिंगच्या भानगडीत पडतच नाही. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत, ज्या मशीन वाचतं, तिथे तर ए ते झेडशिवाय अक्षरच चालत नाही. तिथे काळे, काले, केल सगळे एकच.

माझ्या केरळच्या सहकाऱ्याकडे परत येतो. दोन वर्षं आम्ही शेजारी बसलो. त्याच्या नावाच्या शेवटच्या भागात, जे त्याच्या घराचं नाव आहे, इंग्रजीत 'झेड-एच' आहे. मी बिनधास्त 'झ' म्हणायचो. आपण कोझिकोडे, अलापुझा म्हणतो तसंच. एकदा त्याचे वडील पुण्याला आले होते. मी आदराने पूर्ण नाव घेऊन ओळख करून दिली. वडिलांना क्षणभर कळलंच नाही की मी त्यांच्याच घराबद्दल बोलतोय. त्यांनी मुलाकडे बघितलं. त्याने हळूच नाव पुन्हा म्हटलं, आणि त्यात 'झ' कुठेच नव्हता.

नंतर त्याने समजावलं. मल्याळममध्ये ल आहे, ळ आहे आणि तिसरा एक आहे, जीभ मागे वळवून कुठेही न टेकवता म्हणायचा. तमिळमध्येही तो आहे. इंग्रजीत त्याला 'झेड-एच' लिहायची पद्धत पडली, पण झ शी त्याचा काही संबंध नाही. देवनागरीच्या युनिकोडमध्ये त्यासाठी ऴ आहे, आपल्या ळ च्या अगदी पुढच्याच कोडवर. ज्याच्याकडे असे तीन-तीन आहेत, तो साहजिकच विचारणार की यातला एल कुठला.

"दोन वर्षं बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तू तरी कुठे बोलतोस केलला?"

गेले तीन आठवडे मी ऴ ची प्रॅक्टिस करतोय, हेल्मेटच्या आत, कर्वे रोडच्या सिग्नलला. त्याच्या मते अजून ळ च येतोय, पण झ गेला. आणि मागच्या सोमवारी कॉलच्या सुरुवातीला मी म्हटलं, "बाय द वे, इट्स काळे." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग त्या बाईंनी 'कारले' म्हटलं, हसल्या आणि पुन्हा म्हणून बघितलं. भाजीचा पिच्छा सुटलेला नाही, पण त्यांनी आडनाव फोनवर लिहून घेतलं. मग मला विचारलं, "आणि माझं तू बरोबर म्हणतोस ना?"

मी म्हणत नव्हतो.