फेरी की पेटी?

लग्न करावं की करू नये, घर भाड्याचं बरं की मालकीचं, आणि आंबा कापून खावा की चोखून, हे प्रश्न सुटायचे नसतात. ते नुसते चर्चेला असतात. त्याच रांगेत मी आणखी एक प्रश्न बसवू इच्छितो. घरातला कचरा न्यायला माणसाला दारी बोलवावं, की कचऱ्यासाठी दाराशी पेटी आणून ठेवावी? प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. पण ह्याच प्रश्नापायी लंडनमध्ये कचऱ्याच्या चोऱ्या झाल्या, पॅरिसमध्ये वर्तमानपत्रं खवळली, मुंबईत आगगाडी धावली आणि पुण्यात एक अख्खी कामगार संघटना उभी राहिली. हापूसच्या बाबतीत एवढं काही झाल्याचं ऐकिवात नाही.

बोलायच्या सोयीसाठी पहिल्या पद्धतीला मी 'फेरी' म्हणतो आणि दुसरीला 'पेटी'. फेरीत माणूस येतो, उचलतो, नेतो. आपण फक्त बोट दाखवायचं आणि शेवटी खिशात हात घालायचा. पेटीचं उलट. ती जावयासारखी दाराशी येऊन बसते. उठायचं तुम्ही, वाकायचं तुम्ही आणि रात्री कंबरेला बाम चोळायचा तोही तुम्हीच. मात्र सगळं सवडीने, कोणी मागे उभं न राहता.

आमच्या घरात दोन्ही पंथ नांदतात. माळा आवरायचा निघाला, की मी फेरीपंथी होतो. टेम्पो यावा, दोन गडी वर चढावेत आणि अर्ध्या तासात तो मोडका पाळणा, फुटक्या बादल्या, कापूस सांडणाऱ्या गाद्या आणि सात दिवाळ्यांचे सात आकाशकंदील दृष्टीआड व्हावेत, असं मला वाटतं. सौ. पेटीपंथी आहे. "माणूस दारात उभा राहिला की तुम्हाला घाई सुटते, आणि घाईत टाकायचं राहतं नि ठेवायचं जातं," असं तिचं म्हणणं. हिशेब दोघांचाही बरोबर असतो. टेम्पोवाला खेपेचे पैसे घेतो, त्यात गड्यांची मजुरी आली. पेटीवाला दिवसाचे पैसे घेतो. मजुरी तुमच्या पाठीची. सामान जड आणि एकदाच निघणारं असेल तर खेप परवडते. घराची डागडुजी काढली आहे, राडारोडा आठवडाभर घमेल्याघमेल्याने पडणार आहे, तर पेटी परवडते. एवढाच काय तो व्यवहार.

फक्त पेटीचा एक गुण आधी कोणी सांगत नाही. रात्री ती एकटी असते. संध्याकाळी अर्धी असलेली पेटी सकाळी काठोकाठ भरते आणि सर्वांत वर, तुम्ही जन्मात न पाहिलेली एक गादी पसरलेली असते. शेजारीपाजारी पुढचे दोन दिवस तुम्हाला जरा जास्तच वाकून नमस्कार करतात.

आमच्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिच्या परसात उकिरडा होता. शेण, राख, पालापाचोळा, खरकटं, सगळं तिथे जायचं आणि पावसाळ्याच्या आधी बैलगाडीतून शेतात पडायचं. बाकी टाकायचं असं काही नसायचंच. धोतराचं पायपुसणं व्हायचं आणि पायपुसण्याची चूल पेटवायची चिंधी. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' ही म्हण ज्याने केली, त्याला उकिरड्याचा भाव नीट ठाऊक होता. तोच भाव लंडनच्या ठेकेदारांनाही ठाऊक होता.

दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं लंडन म्हणजे कोळशाच्या शेगड्यांचं शहर. तिथल्या घरांतून कचरा म्हणून निघे ती मुख्यतः राख. शहर वाढत होतं, घरं विटांची होती. बारीक राख विटांच्या मातीत मिसळत आणि अर्धवट जळलेल्या निखाऱ्यांवर विटांच्या भट्ट्या लावत. थोडक्यात, जुन्या घरातून निघालेल्या कचऱ्यातून नवं घर उभं राही. मालाला असं गिऱ्हाईक असल्यावर तो नेणारे दारात येणारच. 'डस्टमन' नावाचा प्राणी हातात घंटा घेऊन, आरोळी ठोकत गल्लोगल्ली फिरे. (घंटागाडी ही आपल्या नगरपालिकांची नवी कल्पना आहे असं समजणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.) आणि गंमत अशी की, कचरा उचलण्याच्या हक्कासाठी ठेकेदारच तिथल्या पॅरिशला, म्हणजे वॉर्डाला म्हणा ना, पैसे मोजत.

जिथे भाव तिथे चोर आलेच. ठेका नसताना दुसऱ्याच्या हद्दीतली राख पळवून नेणारे बहाद्दर निघाले. त्यांना 'उडते डस्टमन' म्हणत, आणि ठेकेदार त्यांना चक्क कोर्टात खेचत. माझा केर चोरीला गेला अशी फिर्याद घेऊन आज मी चौकीवर गेलो, तर हवालदार कागद पुढे ओढण्याआधी माझ्या घरच्यांचा फोन नंबर विचारील.

राख जमा होई ती मोठमोठ्या आवारांत. तिथे तिचे डोंगर उभे राहत, आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी बायका लोखंडी चाळण्या घेऊन दिवसभर राख चाळत. हाडं एकीकडे, चिंध्या एकीकडे, काच आणि पत्रा तिसरीकडे. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने १८५१ च्या सुमारास त्यांची हकिगत लिहून ठेवली. चार्ल्स डिकन्सने १८६४-६५ साली 'अवर म्युच्युअल फ्रेंड' ही कादंबरी लिहिली, तीत तर कचऱ्याच्या ढिगांची इस्टेट कोणाला मिळणार ह्यावर सगळं कथानक फिरतं. पण मेह्यूने लिहिलं तोवर राखेचा भाव पडला होता, आणि हक्कासाठी पैसे देणारे ठेकेदार आता उचलण्याचे पैसे मागू लागले होते. राख तीच, गाडी तीच. पैसे तेवढे उलट्या दिशेने वाहू लागले. कचऱ्याला 'घाण' म्हणून नाक मुरडण्याची चाल त्याच सुमारास पडली असावी, असा माझा संशय आहे. घेणारा पैसे देत असतो तोवर त्याला 'माल' म्हणतात.

आता पेटीकडे येऊ. पॅरिसचे लोक रात्री घरातला कचरा रस्त्यावर ओतून मोकळे होत. मग अंधारात पाठीवर टोपली, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात आकडा घेऊन चिंध्यावेचे निघत आणि ढिगांतून कामाचं ते वेचून घेत. कागदाच्या गिरण्यांना चिंध्या हव्या असत, बटणंवाल्यांना हाडं हवी असत. पहाटे उरलेलं गाडीत जाई. सगळं घाणेरडं होतं, पण त्या घाणीवर हजारो चुली पेटत होत्या.

१८८३ साली यूजेन पूबेल नावाचे गृहस्थ तिथे प्रिफेक्ट, म्हणजे आपल्याकडचे कलेक्टर आणि कमिशनर मिळून होईल असे अधिकारी, झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी हुकूम काढला आणि जानेवारी १८८४ पासून तो लागू केला. प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाच्या पेट्या ठेवाव्यात. एक नव्हे, तीन. एकीत कुजणारं, दुसरीत कागद नि चिंध्या, तिसरीत फुटकी भांडी, काच आणि कालवांचे शिंपले! शिंपल्यांना जातीने जागा देणारा हा जगातला पहिलाच सरकारी हुकूम असावा. ओला-सुका हा वाद आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जन्मला असं आपण समजतो, पण तो त्या हुकमाहून लहान आहे.

घरमालक खर्चाने चिडले. दारवानांवर नवं काम पडलं म्हणून ते रुसले. वर्तमानपत्रांनी पेट्यांना साहेबांचंच नाव देऊन टिंगल चालवली. पण खरे हादरले ते चिंध्यावेचे. कचरा पेटीत गेला आणि पेटी सरळ गाडीत रिकामी झाली, तर वेचायचं कुठे? त्यांनी आरडाओरडा केला, आणि शेवटी माणसं काढतात तशी वाट त्यांनीही काढली. काहींनी दारवानाशी संधान बांधलं: पेटी रस्त्यावर आणून ठेवायचं तुमचं काम मी करतो, बदल्यात आधी हात मी घालणार. तीन पेट्यांची शिस्त पुढे टिकली नाही, पेटी टिकली. फ्रेंच भाषेत कचरापेटीला आजही 'पूबेल'च म्हणतात. ह्याच माणसाने १८९४ साली पॅरिसची घरं गटाराला जोडून घेण्याची सक्ती केली. त्याबद्दल त्याला कोणी आठवत नाही. सार्वजनिक काम करणाऱ्यांनी कशाकशाला हात लावावा ह्याचा विचार करावा, तो असा.

पेटीला पुढे अमेरिकेने चाकं आणि यंत्र दिलं. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी जॉर्ज डेम्पस्टर ह्यांनी १९३५ च्या सुमारास अशी पद्धत काढली की, पोलादी पेटी ट्रकनेच उचलायची आणि ट्रकनेच उपडी करायची. पेटीला नाव पडलं 'डंपस्टर'. डेम्पस्टर पुढे त्या गावाचे महापौर झाले. पूबेलसाहेबांपेक्षा ह्यांचं नशीब चांगलं. त्यांच्या नावाचं एक अक्षर तरी बदललं.

मुंबईचा खाक्या निराळा. फेरी आणि पेटी दोन्ही कमी पडल्यावर तिने कचऱ्यासाठी आगगाडी काढली. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा फाटा मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठी घातलेला; उतारूंसाठी तो १९२४ साली खुला झाला. हार्बर लाइनवर संध्याकाळी सहा वाजता चढणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. गाडीने कचरा गावाबाहेर नेला, देवनारला त्याचा डोंगर झाला, आणि पुढे गावच वाढत वाढत त्या डोंगरापाशी येऊन टेकलं. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली, आणि मुंबईने जे कधीचं टाकून दिलं होतं ते धुराच्या रूपाने घरोघर परत आलं. न बोलावता, विनामूल्य.

पुणं बरीच वर्षं पेटीचं शहर होतं. चौकाचौकांत पालिकेच्या लोखंडी कुंड्या असत, त्यांच्याभोवती कुत्री, गाई आणि कुंड्यांत अर्ध्या वाकलेल्या बायका. कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला घालायचं, ह्यावर त्यांची घरं चालत. १९९० साली एस. एन. डी. टी. विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्यांनी एक साधी गोष्ट सुचवली. कुंडीत पडून घाण होण्याआधी सुका कचरा दारातूनच ह्या बायकांना दिला तर? काही वस्त्यांत ते सुरू झालं. तेवढ्यात एका उद्योजकाने गाडी फिरवून घरोघरचा कचरा उचलण्याची योजना आणली. नागरिकांच्या दृष्टीने उत्तम सोय. बायकांच्या दृष्टीने मात्र तो पॅरिसचा १८८४ सालचा जानेवारी महिना होता. त्या आडव्या उभ्या राहिल्या आणि ती योजना थांबली.

पण आज एक गाडी थांबवली, उद्या दुसरी येणार, हे त्यांना कळलं होतं. १९९३ साली बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. मग २००० सालचे केंद्राचे नियम आले. शहरांनी कचरा दारोदार जाऊन गोळा करावा, असं त्यांत होतं. म्हणजे फेरी आता कायद्यानेच येणार होती. प्रश्न एवढाच होता की फेरी मारणार कोण? २००८ साली पुणे महापालिकेने 'स्वच्छ' ह्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला, आणि कुंडीत वाकणाऱ्या बायका ढकलगाडी घेऊन दारात आल्या. पॅरिसच्या चिंध्यावेच्यांना दारवानाची मर्जी सांभाळावी लागली होती. ह्यांनी ओळखपत्र मिळवलं, दरमहा फी ठरवली आणि सुक्या कचऱ्यावरचा हक्क आपल्याकडे ठेवला. पुढेही दर कराराच्या वेळी, हे काम यंत्रवाल्या ठेकेदाराला द्यावं का, असा विचार कोणाच्या तरी मनात येतच राहिला. गाडीला फी वाढवून मागता येत नाही, हा गाडीचा मोठाच गुण आहे.

एकूण काय, फेरी की पेटी हे आपण आपल्या कंबरेकडे आणि खिशाकडे पाहून ठरवतो. त्यात तिसऱ्याच कोणाचं पोट ठरून जातं. लंडनची चाळणीवाली, पॅरिसचा कंदीलवाला, पुण्याची टोपलीवाली, ह्यांना कोणत्याच मीटिंगचं आमंत्रण गेलं नव्हतं. पुण्याच्या बायका न बोलावता गेल्या म्हणून निकाल निराळा लागला.

आमच्या इमारतीत रोज सकाळी मावशी येतात. आमच्याबद्दल त्यांना आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त माहिती आहे. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या औषधाच्या बाटल्या वाढल्या, कोणी पथ्य मोडलं, सगळं त्यांना बादली उपडी केल्यावर समजतं. थोरला मुलगा नोकरीसाठी परगावी गेला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या सौ.ला म्हणाल्या, "काकू, पोळ्या फार उरतात हल्ली. पोरगं गेलं व्हय बाहेरगावी? दोन कमी लाटा." तेव्हापासून सौ. दोन पोळ्या कमी लाटते आणि कधीमधी त्यातली एक मला कमी पडते.