लांबी, गंज आणि ड्यूको

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या जन्माशीच थांबतात. पहिली गाडी कोणत्या साली आली, ती कोणी आणली, कोणत्या कारखान्यातून कोणते मॉडेल निघाले, याच्या याद्या पुष्कळ सापडतात. पण गाडीचे बहुतेक आयुष्य कारखान्याबाहेर, मिस्त्र्याच्या हाताखाली आणि रंगाऱ्याच्या फवाऱ्यासमोर जाते, आणि त्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. आमच्या मते मोटारीचा खरा इतिहास तिच्या दुसऱ्या लाख किलोमीटरपासून सुरू होतो. तो शोधायचा तर मुंबईच्या प्रदर्शनांत जाण्यापेक्षा गडचिरोलीहून चातगाव, लेखा-मेंढा करीत धानोऱ्याला आणि तेथून मुरूमगावमार्गे छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहावे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. पुढे कितीतरी वर्षे या जिल्ह्याला रेल्वेचे दार एकच, वडसा. बाकी सारा भार एस. टी.वर, आणि जेथे एस. टी. पोचत नाही किंवा दिवसातून एकदाच पोचते तेथे ‘काळी-पिवळी’वर. मुंबईकराला हा शब्द ऐकून टॅक्सी आठवते. विदर्भात काळी-पिवळी म्हणजे काळ्या अंगाची, पिवळ्या छताची, माणशी भाडे घेणारी जीप. आतले प्रवासी मोजून झाले की पायदानावरचे मोजायचे, आणि टपावरच्या पोत्यांना हिशेबात धरायचे नाही, असा तिचा रिवाज. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा बाजाराला, कचेरीला आणि दवाखान्याला जायला आडगावांतल्या माणसांपुढे दुसरा पर्याय उरला नाही. अशी गाडी बंद पडते तेव्हा एका कुटुंबाची मिळकत थांबते आणि त्या वाटेवरच्या चार-सहा गावांची ये-जाही थांबते. तिच्या देखभालीकडे आम्ही छंद म्हणून पाहत नाही ते याच कारणाने.

या जीपची वंशावळ युद्धात सुरू होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या ‘डिस्पोजल’च्या जीपगाड्या देशभर पसरल्या. १९४५ साली मुंबईत महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. १९४७पासून तिने विलिज जीपची जुळणी सुरू केली, आणि १९४८ साली तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. पुढे पूजोच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन जीपमध्ये आले, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बजाज टेम्पोची ‘ट्रॅक्स’ निघाली. (ही कंपनी २००५ साली फोर्स मोटर्स झाली.) काळ्या-पिवळ्या रंगाखाली दिसतात त्या बहुतेक याच दोन घराण्यांच्या गाड्या. रंगाच्या बाबतीत लष्कराची सावली कायद्यात अजून शिल्लक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनाखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे डिस्पोजलची जीप नागरी जीवनात यायची तर तिला कात टाकणे भागच.

परंतु जुनी गाडी जगवण्याच्या विद्येचे महाराष्ट्रातील मोठे विद्यापीठ म्हणजे मुंबईची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन गाड्या जुळवून बाहेर पडल्या, मग फियाटशी करार झाला, आणि १९५४पासून फियाट ११०० या देशात रुजली. त्याच सुमारास सरकारने नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे थारा न देण्याचे धोरण धरले, तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. फियाटचा परवाना संपल्यावर हीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४पासून ‘पद्मिनी’ झाली. १,०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर गिअर, चौकोनी ठाम चेहरा. शतक संपेपर्यंत तिच्या मूळ ढाच्यात फारसा फरक पडला नाही.

या ठिकाणी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. परवाना-राज्याच्या त्या काळावर अर्थशास्त्रज्ञांनी टीका केली आणि ती योग्यच आहे. गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि हाती येई ते दुसऱ्या देशाने कालबाह्य ठरवलेले यंत्र. पण तीस-चाळीस वर्षे एकच आराखडा टिकला याचा एक अनपेक्षित लाभ झाला. एका गाडीचे दार दुसरीला बसे. मिस्त्र्याला एकदा शिकलेले आयुष्यभर पुरे. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर मोडीत निघालेल्या गाडीचा कार्बोरेटर, डायनॅमो, मडगार्ड काहीही मिळे, आणि जे मिळत नसे ते लेथवर कातून घेतले जाई. क्यूबात १९५९च्या क्रांतीनंतर अमेरिकन गाड्यांचा पुरवठा तुटला. हवानाच्या रस्त्यांवर पन्नाशीच्या दशकातल्या शेवरोले अजून धावतात त्याचे पर्यटकांना कौतुक. आमच्याकडे कोणी निर्बंध लादले नव्हते, तरी विद्या तीच निर्माण झाली. फरक इतकाच की तिची छायाचित्रे कोणी फारशी काढली नाहीत.

आता रंगाकडे वळू, कारण जुन्या गाडीच्या प्रकृतीची पहिली खबर रंग देतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीला घोडागाडीसारखाच ब्रशने तेलरंग आणि व्हार्निश लावीत. थरावर थर वाळायला काही आठवडे जात. फोर्डने १९१४पासून १९२५पर्यंत आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागेही घाई होती असे सांगतात. काळे जपान एनॅमल लवकर वाळे. १९२३-२४च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा लॅकर बाजारात आणला, त्याचे व्यापारी नाव ‘ड्यूको’. थिनर उडून गेला की रंग वाळलाच. आठवड्यांचे काम तासांवर आले. तो लॅकर आता मागे पडला, पण नाव मराठीत असे मुरले की कपाटाला फवाऱ्याने गुळगुळीत रंग दिला तरी सुतार ‘ड्यूको मारला’ म्हणतो. रंगाच्या देशी कारखानदारीची एक जुनी खूणही मुंबईतच आहे; आजच्या नेरोलॅकची पूर्वज असलेली गहागन पेंट्स ही कंपनी १९२० साली लोअर परळला सुरू झाली.

ड्यूको, एनॅमल आणि आजचा पीयू हे तीन रंग वाळण्याच्या रीतीत भिन्न आहेत, आणि दुरुस्तीची सारी युक्ती त्या भेदातून निघते. लॅकर नुसता सुकतो, त्याच्यात रासायनिक बदल होत नाही. म्हणून थिनर लागताच तो पुन्हा विरघळतो, आणि नवा डाग जुन्यात बेमालूम मिसळतो. टचअप करायला याहून सोयीचा रंग नाही, मात्र काही वर्षांत त्याला बारीक तडे जातात. सिंथेटिक एनॅमल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतो. तो स्वस्त, जाड आणि सोशिक. ऊन्हाने त्याच्यावर खडूसारखी भुकटी चढली तर रबिंग कंपाउंडने घासून खालचा ताजा रंग वर काढता येतो. नव्या गाड्यांना आधी रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक कोट असतो. चकाकी त्या वरच्या काचेसारख्या थराची. तो एकदा उन्हाने सोलला की घासून काही साधत नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. शिवाय त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक असते. रस्त्याकडेला तोंडाला रुमाल बांधून फवारणारा पोरगा ज्या धोक्यात उभा असतो, त्याची किंमत कोणत्याही बिलात धरलेली नसते.

काळी-पिवळीचा रंगारी यात एनॅमलच्या बाजूचा. प्रवासी वाहनाला जुनेपणी दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यालाच लोक ‘पासिंग’ म्हणतात, आणि पासिंगचा महिना म्हणजे या गाड्यांची दिवाळी. पत्रा ठोकला जातो, खड्ड्यांत लांबी भरली जाते, वाळली की पाणी-पेपरने घासली जाते, आणि वरून काळा-पिवळा हात फिरतो. खरी मेख या लांबीत आहे. शुद्ध पत्र्यावर दिलेली पातळ लांबी वर्षानुवर्षे टिकते. गंजावर दिलेली जाड लांबी म्हणजे केवळ झाकपाक. ती ओल धरून ठेवते आणि खालचा पत्रा आधीपेक्षा वेगाने खाल्ला जातो. पुढच्या पासिंगला त्याच जागी फुगवटा येतो आणि बोट दाबले तर आत जाते. गंजासाठी लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढेच पुरते. मीठ असले तर घाई होते. मुंबईच्या गाडीला समुद्र मारतो. धानोऱ्याकडे समुद्र नाही, पण चार महिन्यांचा भरघोस पाऊस आहे, आणि कच्च्या वाटांचा चिखल आहे. हा चिखल मडगार्डच्या दुमडीत, दाराच्या तळाशी, चासीच्या पोकळ भागात जाऊन बसतो, आणि दारांच्या तळाला पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके बुजवून टाकतो. मग दार बाहेरून चकचकीत आणि आतून कुजलेले. जाणता चालक पावसाळा उतरताच आधी गाडीचे पोट धुतो, तारेने ती भोके मोकळी करतो, पत्रा खरवडून रेड ऑक्साइड लावतो, आणि चकाकीचा विचार शेवटी करतो. उन्हाळ्यात गाडी मोहाखाली लावू नये हे तर येथे पोरासोरांनाही ठाऊक असावे. रात्रभर गळलेली गोड चिकट फुले टपावर वाळली की काढताना जीव जातो.

इंजिनाबद्दल इतके लिहावे लागत नाही, कारण इंजिन बोलते. पत्रा मुकाट्याने मरतो. तेल वेळेवर बदलले, पाणी तपासले, ग्रीसिंग चुकवले नाही, तर जुने लोखंडी इंजिन रिंग-पिस्टन बदलून, बोअर वाढवून पुन्हा उभे राहते. अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ सालच्या व्होल्वो गाडीवर २०१३पर्यंत तीस लाख मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर पुरे केले. त्याचे श्रेय त्याने कोणत्याही गुपिताला दिले नाही. पुस्तकात सांगितलेली देखभाल वेळेवर करणे, एवढेच. आमच्याकडे असा विक्रम सिद्ध करणेच अवघड. जुन्या मीटरचे पाच आकडे लाखावर शून्यावर येतात, आणि पुष्कळ मीटर त्याआधीच थांबलेले असतात.

इंजिन बदलले, दारे बदलली, रंग दहादा चढला, तर गाडी तीच राहिली का? तत्त्वज्ञांना हा प्रश्न प्रिय आहे. परिवहन कार्यालयाने तो केव्हाच सोडवला आहे. चासीवर ठोकलेला क्रमांक म्हणजे गाडी. बाकी सारे नोंदपुस्तकातील तपशील, रंगसुद्धा.

आणि वय? येथे कायदा अधिक करडा होतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नवी. मुंबईच्या टॅक्सीला मात्र वीस वर्षांची मर्यादा घातली गेली. ऑगस्ट २०२१मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, एप्रिल २०२२पासून जुन्या गाड्यांचे नूतनीकरण शुल्क वाढले, आणि १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द ठरली. देशाच्या संरक्षणासाठी आणि अंतर्गत सुरक्षेसाठी लागणारी चिलखती व खास वाहने तेवढी वगळली. गडचिरोलीत या अपवादाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

या धोरणाला सरसकट विरोध करणारे आम्ही नाही. जुन्या डिझेलचा धूर खरा आहे, आणि पायदानावर माणसे लटकवून धावणाऱ्या, ब्रेक पातळ झालेल्या जीपचे समर्थन कोणी करू नये. मात्र वर्षे मोजणे सोपे म्हणून वयालाच प्रकृती समजणे आम्हाला मान्य नाही. दहा वर्षांची, लांबीवर तगलेली गाडी पंचवीस वर्षांच्या निगुतीने राखलेल्या गाडीहून घातक असू शकते. ते ओळखायला हातोडी, टॉर्च आणि गाडीखाली आडवे पडण्याची तयारी लागते. शिवाय शहरात गाडी मोडीत गेली तर दुसरी उभी असते. मुरूमगावच्या वाटेवर ती मोडीत गेली की पहाटेच्या फेरीची जागा कोण भरणार, हा प्रश्न मोडीच्या केंद्रापर्यंत पोचत नाही.

टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत ती टॅक्सी म्हणून उरली नाही. तिच्या बऱ्याच बहिणी सुटे भाग मिळेनासे झाल्याने आधीच गेल्या होत्या. निदान एक तरी गाडी जतन करावी, अशी टॅक्सीचालकांच्या संघटनेची मागणी होती. खासगी नोंदणीच्या पद्मिनी मात्र आजही काही घरांत आहेत, आणि तपासणीत उतरतील तोवर त्यांचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण चालूच राहील.