घोडनदीकाठचे जंगल कोणत्या रंगाचे?

मागच्या महिन्यात एका मित्राने मला त्याच्या व्हिडिओ गेममधले एक दृश्य दाखवले. कथानक इनामगावचे होते. शिरूर तालुक्यातले, घोडनदीच्या उजव्या काठावरचे तेच इनामगाव, जिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ताम्रपाषाणयुगीन शेतकरी राहत होते. घरे नीट होती, मडकी तर फारच सुंदर होती. पण घरांच्या मागे जे जंगल उभे होते, त्यात शेवाळलेले खडक होते, नेचे होते आणि सूचिपर्णी वृक्षांची एक गर्द भिंत होती. मी विचारले, "हे कुठले?" तो म्हणाला, "तयार संच मिळतो, विकत घेतला. जंगल ते जंगलच ना?"

आजचा धागा या एका प्रश्नाविषयी आहे. थोडा लांब आहे, पण वाटेत मगर भेटेल, बिबट्या भेटेल आणि भीमथडीचे तट्टूही भेटेल.

आधी गेममधले झाड कसे तयार होते ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. एका झाडाची लाख पाने सुटी सुटी घडवणे संगणकाला परवडत नाही. म्हणून चित्रकार पानांच्या एका झुपक्याचे चित्र रंगवतो, ते एका सपाट प्रतलावर चिकटवतो आणि पानांबाहेरचा भाग पारदर्शक करतो. अशी पाच-पन्नास प्रतले एकमेकांत तिरकी खोवली की झाडाचा डेरा तयार होतो. शैलीबद्ध, म्हणजे हाताने रंगवल्यासारख्या दिसणाऱ्या गेममध्ये आणखी एक युक्ती असते. प्रत्येक पान जणू एका मोठ्या गोलाच्या पृष्ठभागावर आहे असे प्रकाशाला भासवले जाते. त्यामुळे डेऱ्यावर ऊन-सावली मऊ पडते आणि झाड कापसाच्या गोळ्यासारखे गोजिरे दिसते. वाऱ्याने शेंडा जास्त हलावा आणि बुंधा कमी, हेही आधीच नोंदवून ठेवलेले असते.

या पद्धतीत रुंद पानांचे झाड सोपे आणि बाभूळ महाकठीण. बाभळीचे पान म्हणजे पिसासारखी दुहेरी विभागलेली बारीक पर्णिका. ती जवळून रंगवता येते, पण कॅमेरा दूर गेला की चित्राचा आकार लहान होतो, पर्णिका पारदर्शक भागात विरघळतात आणि झाड निष्पर्ण दिसू लागते किंवा सारखे लुकलुकते. पारदर्शक थर एकावर एक फार झाले की गेम अडखळतो, ते वेगळेच. म्हणून तयार संचांमध्ये मोठ्या, भरगच्च पानांची झाडे मुबलक असतात आणि काटेरी विरळ झाडे क्वचितच. इतिहासाची चूक कधीकधी यंत्राच्या सोयीतून होते, ती अशी.

शैलीबद्ध करण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे ती परंपरा जुनीच आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात कोणती गोष्ट कशी चितारावी याचे संकेतच दिले आहेत. नाना जातींचे वृक्ष, पक्षी आणि श्वापदे दाखवली की अरण्य झाले. सावली शोधणारी थकलेली माणसे, चिखलात बसलेल्या म्हशी, पानांआड दडलेले पाखरू दाखवले की ग्रीष्म झाला. हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा ओळखू येणारी खूण महत्त्वाची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, आणि पुढे संगीत नाटकांच्या सुवर्णकाळात रंगवलेल्या पडद्यांची एक ठरीव भाषाच तयार झाली: दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. जंगलाचा एकच पडदा कण्वाश्रमालाही चाले आणि दंडकारण्यालाही. आजच्या तयार संचाचा तो पणजोबाच म्हणावा.

अलीकडचे उदाहरणही पुण्याचेच आहे. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या चमूने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम आणला. त्यातील पोत हाताने रंगवलेले आहेत, पहाडी चित्रशैलीचा आधार घेतला आहे आणि वास्तूंवर राजस्थानची छाप आहे. कुठल्या चित्रपरंपरेतून उचलायचे हे तिथे विचारपूर्वक ठरवलेले दिसते. माझ्या मित्राच्या दृश्यात नेमका हाच विचार झालेला नव्हता.

मग घोडनदीकाठी खरोखर काय होते?

डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात इनामगावचे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातील प्रमुख नावे. माळवा संस्कृती, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे वस्तीचे तीन टप्पे, साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७००. मडकी आणि दफने यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, ती मी इथे बाजूला ठेवतो. आपल्याला हवा तो पुरावा कचऱ्यात आहे: जळकी बियाणी आणि हाडे.

बियाण्यांत गहू, बार्ली, कडधान्ये, तीळ आहेत. रानातून गोळा केलेल्या फळांत बोर, आवळा, जांभूळ, खजूर. हा खजूर म्हणजे ओढ्याकाठची आपली शिंदी असावी, असे मला वाटते. आता ही यादी झाडांच्या भाषेत वाचा. बोर हे उघड्या, कोरड्या, उन्हाच्या जमिनीचे झाड. जांभूळ पाण्याकाठचे. म्हणजे नदीलगत हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे काटेरी विरळ रान, असे चित्र उभे राहते. हाडे तेच सांगतात. त्यांत काळवीट आहे, जे मोकळ्या गवताळ माळाशिवाय राहत नाही. चितळ आणि सांबर आहेत, ज्यांना झाडोरा लागतो. ससा आहे, मुंगूस आहे. नदीतली मगर, कासव, खेकडे, मासे आहेत. हो, घोडनदीत मगर! मित्राच्या गेममध्ये ती नव्हती. हे ऐकल्यावर लगेच आली.

गंमत म्हणजे खुद्द जोर्वे कुंभाराने हे रान फारसे रंगवले नाही. त्याच्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगात बहुतांशी भौमितिक रेषा आहेत: समांतर पट्टे, जाळी, तिरके फराटे. अंगणापलीकडे काळवीट चरत असताना हा माणूस मडक्यावर जाळी काढत बसला होता. त्याच्याकडून आपल्याला पान मिळत नाही, पण रंगसंगती मिळते, आणि मित्राला मी पहिली सूचना तीच केली.

उत्तर जोर्वे काळात, इसवी सनपूर्व १००० नंतर, मोठी चौकोनी घरे कमी होऊन लहान गोल झोपड्या दिसू लागतात, शेती खालावते आणि शिकार वाढते. उत्खननकर्त्यांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. म्हणजे गेममध्ये तीन टप्पे दाखवायचे तर पार्श्वभूमीही तीनदा बदलायला हवी.

इथे एका शब्दाकडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा विनोद त्यात आहे. 'जंगल' हा शब्द संस्कृत 'जांगल' या शब्दातून आला. आयुर्वेदाच्या ग्रंथांत भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट, ओलसर. आणि जांगल? भरपूर आकाश, कमी पाणी, खडबडीत जमीन, खैर-बोर-शमीसारखी झाडे, हरणे आणि तितर. चरकसंहितेतले जांगल देशाचे वर्णन वाचताना मला तर पाटसच्या बाहेरचा माळ दिसू लागला. फ्रान्सिस झिमरमान या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात या शब्दाचा अर्थ कसा उलटा झाला याची सविस्तर चर्चा केली आहे. उघड्या माळाचे नाव पुढे गर्द, ओल्या, वेलींनी गुंतलेल्या अरण्याला चिकटले; इंग्रजीने ते जगभर नेले; आणि आता तयार संचाच्या रूपाने ते घोडनदीवर परत आले आहे. मित्र म्हणाला होता, जंगल ते जंगलच. जुन्या अर्थाने त्याचे दृश्य जंगल नव्हतेच.

झाडांची आणखी एक यादी आपल्या हाताशी आहे, गावांच्या नावांची. शिरूर तालुक्यात बाभुळसर, पिंपरखेड, निमगाव म्हाळुंगी, जांबूत, कवठे येमाई, मोराची चिंचोली. दौंड तालुक्यात बोरीपार्धी, बोरीभडक, बोरीऐंदी. नावावरून थेट इतिहास काढू नये हे मला वर्गात शिकवले आहे आणि ते खरेच आहे. तरीही या नावांत बाभूळ, पिंपळ, निंब, जांभूळ, कवठ, चिंच, बोर यांचा जो मेळ दिसतो, तो कोणत्याही तयार संचापेक्षा या भूमीच्या अधिक जवळचा आहे. साग आणि देवदार त्यात नाहीत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पावसात, ते असणार तरी कसे?

पण झाडे मोजत बसलो तर मुख्य पात्र सुटेल. या प्रदेशाचे मुख्य पात्र गवत आहे. थडी म्हणजे काठ. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. इथले तट्टू आज राज्यगीतात आहे आणि आपण ते अभिमानाने गातो, पण ते तट्टू खात काय होते हे कुणी विचारत नाही. लहान चणीचे, काटक, लांब मजल मारणारे हे जनावर भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या माळांवर वाढले. मराठ्यांच्या वेगवान घोडदळाचे इंधन म्हणजे हे गवत. मराठेशाहीत सरकारी कुरणे राखलेली असत आणि त्यांवरचे गवत कापून पोहोचवण्याची वेठ गावांवर पडे. किल्ल्यांवर आपण शेकडो धागे लिहिले (मीही लिहिले), कुरणावर किती?

पुढे काय झाले? १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचा पूर्व पट्टा उघडा, झाडांनी विरळ असा दिसतो. महसुली नजरेला ज्या जमिनीवर ना पीक ना इमारती लाकूड, ती पडीक. ही वर्गवारी इंग्रजांबरोबर गेली नाही. उपग्रहचित्रांवरून तयार होणाऱ्या भारतातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमिनीचे स्वतंत्र रकाने आहेत. पडीक म्हटले की ती 'सुधारायची' असते. मग माळावर गिरिपुष्प आणि निलगिरी लावली जाते, आणि काळवीट-चिंकारा-लांडगा यांचे घर वृक्षारोपणाच्या नावाखाली मोडते. दौंडच्या दक्षिणेला सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांसाठी राखलेले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. एके काळी सबंध थडीवर पसरलेल्या पोताचा हा उरलेला नमुना.

बाकी जागा नव्या पाहुण्यांनी भरली. रेल्वेतून दौंडला उतरताना दोन्ही बाजूंना दिसणारी वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, भारतात आली एकोणिसाव्या शतकात. घाणेरी आणि बांधावरचे घायपात हेही अमेरिकेकडचेच. गाजर गवताची नोंद तर १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. त्यामुळे आज शिरूरला जाऊन छायाचित्रे काढली आणि त्यांवरून पोत बनवला, तरी इनामगाव चुकीचेच होईल. आणि कालव्यांमागोमाग आलेला ऊस! तो इतका दाट, इतका हिरवा की बिबट्याने त्यालाच अरण्य मानले. मादी उसात पिल्ले घालते, ऊसतोड सुरू झाली की ती उघड्यावर येतात. शिरूर तालुक्यात गेल्या काही वर्षांत माणसांचेही बळी गेले, त्यांत लहान मुले होती. संध्याकाळी मुलाला एकटे बाहेर सोडताना इथली आई आज ज्या हिरव्या भिंतीकडे बघते, ती भिंत तिच्या पणजीने पाहिलेलीच नव्हती.

मित्राने दृश्य पुन्हा बांधायला घेतले आहे. सूचिपर्णी गेले, शेवाळ गेले. बाभळीच्या प्रश्नावर त्याने तोड काढली: दूरच्या झाडासाठी पर्णिका न रंगवता फक्त एक धूसर, चाळणीसारखा झुपका, आणि जमिनीवर तशीच झिरझिरीत सावली. हिवराला फिकट साल आणि छत्रीसारखा पसरट डेरा. ओढ्यात शिंदी, नदीकाठी जांभूळ आणि उंबर. गवत बुंध्याशी राखाडी, मध्ये पिवळे, शेंड्याला कुसळांचा तांबूस तपकिरी रंग. जोर्वे मडक्याच्या शेजारी तो रंग इतका शोभला की दोघेही जरा वेळ गप्प बसलो. वर आकाश पुष्कळ. पावसाळ्याच्या दृश्यात हाच माळ आठवडाभरात हिरवा करायचा आहे, तिथे तो अजून अडला आहे.

चाचणीसाठी आलेल्या एका मुलाने खेळून झाल्यावर विचारले, "जंगल कधी सुरू होतं?" मित्राने माझ्याकडे पाहिले. मी वेड पांघरून पेडगावला गेलो, आणि पेडगाव तसे लांबही नाही, दौंडपासून नदीपलीकडेच आहे.